आठवी अनुसूची आणि उंबरठ्यावरच्या भाषा

२०११ सालच्या फेब्रुवारीत आम्ही डहाणूकडील एका पाड्यावर एका आजारी वृद्धेस कम्युनियन देण्यासाठी गेलो होतो. त्याच वेळी जनगणनेचे कागद घेऊन एक शाळामास्तर तेथे पोहोचले. सज्जन गृहस्थ होते. उन्हातून डोंगर चढून आले होते, घाम पुसत एकेक प्रश्न विचारत होते. दहावा प्रश्न मातृभाषेचा होता. आजींनी क्षणभरही न थांबता उत्तर दिले, "वारली." गुरुजी हसले. म्हणाले, "आजी, वारली म्हणजे मराठीच की." आणि त्यांनी रकान्यात मराठी लिहिले. आजींनी वाद घातला नाही. आम्हीही घातला नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी गुरुजींचे काही चुकले आहे, असे आम्हांस वाटलेही नाही.

पुढे काही वर्षांनी घटना समितीतील भाषाविषयक चर्चेची इतिवृत्ते आमच्या वाचनात आली, आणि तो रकाना डोळ्यांसमोरून हलेना. भाषेला राजमान्यता कशी मिळते, कोणाला मिळते आणि कोण दाराबाहेर राहते, याची मोठी उद्‌बोधक कहाणी त्या पानांत आहे. आपल्या कुटुंबांतून, विशेषतः शाळकरी मुलांच्या पालकांतून, 'हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे' हे वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले जाते की प्रथम एवढेच सांगून टाकावे : भारताच्या संविधानात राष्ट्रभाषा हा शब्दच नाही. ३४३ व्या अनुच्छेदाने देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा, म्हणजे केंद्राच्या कारभाराची भाषा ठरवली आहे. राज्याने आपली राजभाषा कोणती ठेवावी, हे ३४५ व्या अनुच्छेदाने त्या त्या विधिमंडळाकडे सोपवले आहे; त्याच अधिकाराने महाराष्ट्राने १९६४ साली मराठीचा कायदा केला.

ही व्यवस्था सुखासुखी आलेली नाही. घटना समितीचे कामकाज सुरू होऊन दोन दिवसही झाले नव्हते, तोच १० डिसेंबर १९४६ रोजी झाशीचे सदस्य धुळेकर यांनी हिंदुस्थानी न जाणणाऱ्यांना भारतात राहण्याचा अधिकार नाही, असे उद्‌गार काढले होते. दक्षिणेकडील सदस्यांच्या मनात त्या दिवशी जी धास्ती बसली ती तीन वर्षे गेली नाही. फाळणीनंतर हिंदुस्थानीचा पक्ष दुर्बळ झाला, संस्कृतप्रचुर हिंदीचा आग्रह वाढला, आणि शेवटी कन्हैयालाल मुन्शी व गोपालस्वामी अय्यंगार यांनी एक तडजोड मांडली. तिच्यावर सुमारे तीनशे दुरुस्त्या आल्या. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ असे तीन दिवस सभागृह तापलेले होते. आणि विशेष म्हणजे सर्वांत अधिक कटुता माजली ती अंकांवरून! अंक देवनागरी असावेत की ज्याला संविधान 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' म्हणते ते असावेत, यावरून एरवी धीरगंभीर असणारी माणसे हमरीतुमरीवर आली.

हिंदी एका मताने जिंकली, अशी एक गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. तिचा उगम साक्षात डॉ. आंबेडकरांच्या लेखणीत आहे. १९५५ च्या भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यांनी लिहिले की काँग्रेस पक्षाच्या बैठकीत प्रथम ७८ विरुद्ध ७८ अशी समान मते पडली व नंतर ७८ विरुद्ध ७७ असा निर्णय झाला. संविधानाचे इतिहासकार ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांनी त्या काळचे कागद तपासून असे मत दिले आहे की ही अटीतटी भाषेवर नव्हे, अंकांवर झाली असावी. आम्हांस ऑस्टिन यांचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. हिंदीला काही स्थान द्यावे याबद्दल बहुसंख्यांचे एकमत झालेच होते. भांडण होते ते किती लवकर आणि किती प्रमाणात, याचे. तडजोडीने इंग्रजीला १५ वर्षांची मुदत दिली. ती १९६५ साली संपताना मद्रास प्रांतात काय भडका उडाला, तो इतिहास सर्वश्रुत आहे. १९६३ चा राजभाषा कायदा आणि त्यातील १९६७ ची दुरुस्ती यांमुळे इंग्रजी राहिली ती आजतागायत.

आमचा विषय मात्र या भांडणाच्या सावलीत मांडला गेलेला एक छोटा कागद आहे. तडजोडीच्या शेवटी भाषांची एक यादी जोडली होती. तीच आठवी अनुसूची. तिच्यात १४ नावे आली : असमिया, बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, काश्मिरी, मल्याळम, मराठी, उडिया, पंजाबी, संस्कृत, तामिळ, तेलुगू, उर्दू. तिचे प्रयोजन पाहू गेल्यास आश्चर्य वाटते. संपूर्ण संविधानात तिचा संदर्भ केवळ दोन ठिकाणी येतो. राजभाषा आयोगावर कोणत्या भाषांचे प्रतिनिधी असावेत, हे ३४४ व्या अनुच्छेदात. आणि हिंदीने आपली शब्दसंपत्ती वाढवताना कोणत्या भाषांकडून घ्यावे, हे ३५१ व्या अनुच्छेदात. यादीत येण्यासाठी किती बोलणारे हवेत, लिपी हवी की नको, साहित्य किती जुने हवे, याविषयी एक अक्षर नाही. तेव्हाही नव्हते, आजही नाही. निकष ठरवण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या, पण निश्चित निकष काही ठरले नाहीत.

१४ सप्टेंबर १९४९ रोजी, चर्चेच्या अखेरच्या दिवशी, या यादीवर जयपाल सिंग मुंडा यांनी दुरुस्ती मांडली. या गृहस्थांची ओळख आपल्या वाचकांस असावयास हवी. जन्म १९०३, रांचीजवळच्या खुंटी भागातील एका मुंडा खेड्यात. शिक्षण अँग्लिकन मिशनच्या शाळेत; तेथील पाद्री त्यांना इंग्लंडला घेऊन गेले आणि हा मुलगा ऑक्सफर्डला शिकला. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवले, त्या संघाचे ते कप्तान. आय.सी.एस.ची वाट त्यांनी सोडली, आणि १९३९ पासून आदिवासी महासभेचे नेतृत्व केले. घटना समितीत आपण 'जंगली' आहोत असे अभिमानाने सांगणारा, आणि अस्खलित इंग्रजीत सांगणारा, हा सदस्य होता.

त्यांची मागणी अगदी माफक होती. आदिवासींच्या भाषा पुष्कळ आहेत. त्यांतून त्यांनी फक्त तीन निवडल्या. मुंडारी, गोंडी आणि उराँव, जिला कुडुख असेही म्हणतात. बोलणाऱ्यांची संख्या पाहिली तर यादीतल्या काही भाषांपेक्षा या मागे नाहीत, हा त्यांचा एक मुद्दा. या भाषा भूमीच्या प्राचीन इतिहासाच्या साक्षीदार आहेत, त्यांना मान दिला तर तो इतिहास उजेडात येईल, हा दुसरा. आणि तिसरा मुद्दा प्रश्नाच्या रूपाने आला : हिंदीचा एवढा आग्रह धरणाऱ्यांपैकी कोणी आपल्याच प्रांतातील आदिवासी शेजाऱ्याची भाषा शिकण्याचे कष्ट घेतले आहेत काय?

या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. त्यासाठी कोणी आवाज चढवला नाही, कोणी सभात्याग केला नाही. अंकांसाठी रात्री जागवणाऱ्या सभागृहाला मुंडारीसाठी काही क्षण पुरेसे वाटले. संस्कृत मात्र यादीत होती. संस्कृतचा मान आम्हांस मान्य आहे. तिच्या ऋणाशिवाय हे वाक्यही लिहिता येणार नाही. परंतु २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा म्हणून २४,८२१ व्यक्तींनी सांगितली, आणि मुंडारी ११ लाख २८ हजारांनी, कुडुख सुमारे २० लाखांनी, गोंडी सुमारे ३० लाखांनी. जयपाल सिंगांच्या तिन्ही भाषा आजही अनुसूचीबाहेर आहेत.

येथे आपल्या धर्मबांधवांनी केलेल्या कामाची आठवण येते. येशूसंघीय फादर जॉन हॉफमन हे जर्मन धर्मगुरू छोटा नागपूरात मुंडा लोकांमध्ये राहिले. १९०३ साली त्यांचे मुंडारी व्याकरण प्रसिद्ध झाले. १९०८ च्या छोटा नागपूर कूळकायद्याच्या घडणीत, म्हणजे मुंडांच्या जमिनी राखण्याच्या कामात, त्यांचा हात होता. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्यांना देशाबाहेर काढले. जर्मनीत परतल्यावरही हा माणूस मुंडारी शब्दांतच रमलेला होता. १९२८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मुंडारीच्या महाकोशाचे काम सोडले नाही. कोश पुढे पाटण्याहून खंडाखंडाने बाहेर पडला. त्यात नुसते शब्दार्थ नाहीत. शेती, सण, जमिनीचे वाटप, विवाहाच्या चालीरीती, सारे मुंडाजीवन आहे. कुडुखचा शब्दकोश फादर ग्रिन्यार या दुसऱ्या येशूसंघीयांनी १९२४ साली सिद्ध केला. म्हणजे 'या भाषांना व्याकरण नाही, कोश नाही' असे १९४९ साली कोणास म्हणता आले नसते.

पण कोशाने दार उघडत नाही, हेच या प्रकरणातून दिसते. दार कशाने उघडते, ते पाहायचे तर कोकणीकडे पाहावे.

कोकणीची कहाणी सांगताना आम्हां धर्मगुरूंनी थोडी मान खाली घालावयास हवी. ज्या चर्चने फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला मराठीत छापले आणि त्यांचेच कोकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध केले, त्याच चर्चमधील काहींच्या आग्रहावरून १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोवेकरांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. हुकूम फसला, घराघरांतून कोकणी बोलली जातच राहिली. परंतु ती 'चाकरांची भाषा' हा शिक्का पुढे फार काळ पुसला गेला नाही. गोवा मुक्त झाल्यावर वाद वेगळ्या दिशेने पेटला. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली? आम्ही सेमिनरीत शिकत असताना, मराठीच्या अभिमानापोटी, गोव्याच्या सहाध्यायांशी याच विषयावर जेवणाच्या टेबलावर वाद घातलेले आहेत. ती बोलीच आहे, असे आम्ही ठासून सांगत असू. एक गोवेकर मित्र तेव्हा शांतपणे विचारी, "मग तुला कळते का?" आम्हांस निम्मेअधिक कळत नसे. तरीही आमचे मत बदलत नसे!

१९६७ च्या जनमत कौलाने गोवा महाराष्ट्रात विलीन होण्यापासून दूर राहिला. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. मग आंदोलने झाली, रक्तही सांडले. फेब्रुवारी १९८७ मध्ये गोव्याच्या विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले : देवनागरीतील कोकणी ही राजभाषा, आणि मराठीच्या वापरासही वाव. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. आणि १९९२ साली ७१ व्या घटनादुरुस्तीने कोकणी, मणिपुरी व नेपाळी या तीन भाषा आठव्या अनुसूचीत दाखल झाल्या. (रोमी लिपीत कोकणी लिहिणारे, म्हणजे मुख्यतः आपलेच कॅथलिक बांधव, कायद्यातील 'देवनागरी' या एका शब्दामुळे दाराच्या आतल्या बाजूसही उंबरठ्यावरच राहिले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

म्हणजे कोकणीपाशी काय होते? साहित्य होते, ते मुंडारीपाशीही मौखिक रूपात विपुल होते. पण कोकणीपाशी एक विधानसभा होती. मणिपुरीपाशी होती. नेपाळीपाशी सिक्कीमची होती. १९६७ साली सिंधी अनुसूचीत आली तेव्हा तिच्यापाशी प्रांत नव्हता हे खरे. पण फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या त्या समाजापाशी शिक्षण, व्यापार आणि दिल्लीत ऐकली जाईल अशी वाणी होती. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी या चार भाषा आत घेतल्या. बोडोमागे दीर्घ आणि रक्तरंजित आंदोलन होते. तिचे भाषिक २०११ साली १४ लाख ८२ हजार, म्हणजे कुडुखहून कमीच. आणि संथाळी, जी जयपाल सिंगांच्या तिघींत नव्हती, ती आत गेली. सत्तर लाखांवर लोक ती बोलतात, आणि रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ च्या सुमारास घडवलेली ओल चिकी ही तिची स्वतःची लिपी आहे. आदिवासींची भाषा आत जाऊ शकते हे तिने दाखवले. जाण्यास ५४ वर्षे लागू शकतात, हेही.

कोणी म्हणेल, यादीचे एवढे काय? दोन अनुच्छेदांपुरती तर ती आहे. कागदावर तसेच आहे. पण केंद्रीय लोकसेवा परीक्षा कोणत्या भाषांत लिहिता येते, राज्यसभेत सदस्य कोणत्या भाषेत बोलला असता दुभाषी मिळतो (२०१८ पासून तेथे २२ भाषांची सोय आहे), केंद्राचा भाषाविकासाचा पैसा कोठे वळतो, हे सारे हळूहळू त्याच यादीवर येऊन ठेपले. वाचकांनी खिशातील नोट काढून तिची मागची बाजू पाहावी. कडेला १५ भाषांत रक्कम छापलेली आहे. त्यात कोकणी सापडेल, नेपाळी सापडेल. संथाळी मात्र सापडणार नाही. यादीत जाऊनही सर्व दारे एकदम उघडत नाहीत, असा याचा अर्थ.

संविधान मात्र या यादीपेक्षा उदार आहे, आणि ही गोष्ट आपल्या शाळाचालकांनी नीट वाचावी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला ३५०-क हा अनुच्छेद सांगतो की भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करण्याचा प्रयत्न करावा. त्यात आठव्या अनुसूचीचा उल्लेखही नाही. २९ वा अनुच्छेद आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या कोणत्याही गटाला देतो. तेथेही यादी नाही. झारखंडने २०११ साली मुंडारी, कुडुख, हो, खडिया, संथाळी आदी भाषांना दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला, तो दिल्लीची वाट न पाहता. जे करता येते ते करण्यास बरीच मोकळीक आहे. करणारे कमी आहेत, इतकेच.

आणि येथे आम्ही पुन्हा त्या पाड्यावर येतो. जनगणना खाते लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावे गोळा करते. २०११ साली अशी १९,५६९ नावे आली. ती तपासून, एकत्र करून १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि त्या पुन्हा १२१ भाषांच्या शीर्षकांखाली बसवल्या गेल्या. भोजपुरी सांगणारे पाच कोटी लोक हिंदीच्या खाली गेले. वारली मात्र मराठीच्या खाली जात नाही. खाते तिला 'भिली/भिलोडी' या शीर्षकाखाली मोजते. पावरी, मावची, कोकणा यांच्या शेजारी. या शीर्षकाखाली २०११ साली १ कोटी ४ लाख लोक होते. अनुसूचीबाहेरच्या भाषांत हा सर्वांत मोठा आकडा आहे. गुरुजी ज्याला "मराठीच की" म्हणाले, ते सरकारच्याच दफ्तरी मराठी नव्हते. अनुसूचीत येऊ इच्छिणाऱ्या ३८ भाषांची यादी गृह मंत्रालयाने संसदेत अनेकदा सांगितली आहे. तिच्यात गोंडी आहे, मुंडारी आहे, कुडुख आहे, इंग्रजीही आहे. भिलीचे नाव नाही. ती रांगेतही उभी नाही.

१ कोटी ४ लाखांत एका आजींची भर पडली नाही म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. पण त्या दिवशी तो फॉर्म भरून झाल्यावर गुरुजी पुढच्या झोपडीत गेले, आणि तिच्या पुढच्या. आणि आम्हीही त्या पाड्यावर रविवारच्या धर्मशिक्षणात वारली मुलांना वर्षानुवर्षे शुद्ध मराठीत प्रश्न विचारत होतो, आणि उत्तर आले नाही की मुले मंद आहेत असे समजत होतो. १४ सप्टेंबर १९४९ चा जयपाल सिंगांचा प्रश्न हिंदीवाल्यांना होता. तो आम्हांसही लागू पडतो, हे समजण्यास आम्हांस फार उशीर लागला. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे सरकारी निर्णय निघाले तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला, आणि २९ जून रोजी ते मागे घ्यावे लागले. लहान मुलावर परकी भाषा लादू नये, हा त्या वेळचा युक्तिवाद आम्हांस पूर्ण पटलेला होता. तोच युक्तिवाद वारली पाड्यावरच्या पहिलीतल्या मुलाच्या तोंडून ऐकण्याची आपली तयारी आहे का, हे आम्ही एका सभेत विचारले. सभा गप्प झाली.

जून २०२५ मध्ये सरकारने २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना काढली. तेव्हापासून आमच्या सध्याच्या धर्मग्रामात काही कुटुंबे विचारीत आहेत, "फादर, आम्ही काय लिहायचे? सामवेदी की मराठी?" जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती, आणि गणना करणाऱ्याने सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे, असा नियम आहे. आम्ही लोकांना एवढेच सांगतो. एका माउलीने त्यावर आम्हांसच विचारले, "आणि तुम्ही काय लिहिणार?" आमची आई आमच्याशी घरात कादोडीत बोलत असे, आणि शाळेच्या रस्त्याला लागलो की प्रमाण मराठीत, कारण कोणी ऐकले तर हसतील. त्या माउलीला आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही.

डहाणूच्या त्या आजी आता हयात नाहीत. त्यांचा नातू पालघरला नोकरी करतो, शनिवार-रविवार पाड्यावर जातो. गणनाकार येतील तेव्हा दहाव्या प्रश्नाचे गुरुजींनी काय लिहिले ते जरा पाहा, असा निरोप आम्ही त्याच्याकडे धाडला आहे.